भाषेच्या अभ्यासातला बोलणारा माणूस

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने भाषाविज्ञानावर बोलायला उभे राहावे, यात थोडी आगळीक आहे. संयोजकांना मी तसे सांगून पाहिले; त्यांनी ऐकले नाही. निवृत्तीनंतर हाती आलेल्या सवडीत या शास्त्राची काही पुस्तके वाचताना मला एक ओळखीचा चेहरा सारखा भेटत राहिला, एवढीच माझी पात्रता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ज्या सद्गृहस्थाची ओळख करून दिली जाते, तो हा चेहरा. त्याला आम्ही 'आर्थिक मानव' म्हणतो. त्याला सगळ्या बाजारांतले सगळे भाव ठाऊक असतात, त्याची आवडनिवड कधी डळमळत नाही, त्याला आई नसते, जात नसते, कर्ज नसते आणि तो कधी आजारीही पडत नाही. भाषाविज्ञानात मला त्याचा सख्खा भाऊ भेटला.

त्याची जन्मतारीखही देता येते. नोम चॉम्स्की यांच्या १९६५ सालच्या ग्रंथात भाषेच्या सिद्धांताचा विषय म्हणून एका आदर्श वक्त्या-श्रोत्याची कल्पना मांडलेली आहे. हा वक्ता पूर्णपणे एकजिनसी अशा भाषिक समाजात राहतो, आपली भाषा त्याला निर्दोष येते, स्मरणशक्तीच्या मर्यादा, लक्ष विचलित होणे, चुका, अडखळणे यांचा त्याला उपसर्ग नाही. पूर्ण स्पर्धेच्या बाजारपेठेचे वर्णन ज्याने पाठ केले आहे त्याला हे वर्णन वाचून घरी आल्यासारखे वाटेल.

अर्थात माणसाला बाहेर ठेवण्याचे काम चॉम्स्की यांच्या आधीच सुरू झाले होते. फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, सहकाऱ्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. भाषाव्यवस्था वेगळी आणि व्यक्तीचे प्रत्यक्ष बोलणे वेगळे, व शास्त्राचा खरा विषय व्यवस्था हाच, अशी विभागणी त्यांनी केली. ब्लूमफील्ड यांच्या १९३३ सालच्या ग्रंथाने अमेरिकेत ती अधिक कडक केली. अर्थ, हेतू, मन यांविषयी जपून बोलावे; ध्वनी आणि रचना मोजता येतात, त्या मोजाव्यात. या शिस्तीने शास्त्र भक्कम झाले हे नाकारण्याचे कारण नाही. चॉम्स्की यांनी तर १९५९ साली स्किनर यांच्या वर्तनवादावर घणाघात करून माणसाचे मन अभ्यासात परत आणले. जगातले कोणतेही मूल कोणतीही भाषा शिकण्याची शक्ती घेऊनच जन्माला येते, या प्रतिपादनात समतेचे एक मोठे तत्त्व आहे. तथापि त्यांनी माणूस परत आणला तो डोक्यापुरता. त्याचे हात, त्याची गल्ली, त्याचा मालक आणि त्याचा पगार दाराबाहेरच राहिले.

अमूर्तीकरण हे पाप नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. ज्या शास्त्राला काहीही गाळता येत नाही त्याला काही दिसतही नाही. मार्क्सने 'भांडवल'ची सुरुवात केली तीही वस्तूच्या अमूर्त विश्लेषणाने. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. सोयीसाठी कल्पिलेला आदर्श माणूस हळूहळू मोजपट्टी बनतो आणि मग रक्तामांसाच्या माणसाचे माप त्या पट्टीने घेतले जाते. बाजारात भाव न कळलेला शेतकरी 'अविवेकी' ठरतो. भाषेत कोण काय ठरतो, ते आता पाहू.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पतंजलीच्या महाभाष्यात एक प्रसंग आहे. एक वैयाकरण एका सारथ्याला विचारतो की या रथाचा 'प्रवेता' कोण. सारथी उत्तर देतो, मी याचा 'प्राजिता'. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द. त्यावर सारथी त्याला ऐकवतो की महाराजांना नियम कुठे लागतो ते ठाऊक आहे, पण प्रयोग कोणता इष्ट आहे ते ठाऊक नाही. व्याकरणशास्त्राच्या परमपूज्य ग्रंथात एक रथ हाकणारा माणूस पंडिताला निरुत्तर करतो आणि ग्रंथकार ते जतन करून ठेवतो, याचे मला फार कौतुक वाटते. घट हवा असेल तर लोक कुंभाराकडे जातात, शब्द हवे म्हणून वैयाकरणाकडे कोणी जात नाही, हे निरीक्षणही त्याच ग्रंथातले. आपल्या परंपरेत सारथ्याचा पुढे फारसा सत्कार झाला नाही, ही गोष्ट निराळी.

आधुनिक काळात या सारथ्याची बाजू शास्त्रीय कसोटीवर उतरवून दाखवली ती विल्यम लॅबोव्ह यांनी. न्यूयॉर्कमधील त्यांची एक पाहणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही शिकवावी अशी आहे. शहरातील तीन मोठी दुकाने त्यांनी निवडली: सॅक्स हे श्रीमंतांचे, मेसीज हे मध्यमवर्गाचे, क्लाइन हे स्वस्त मालाचे. प्रत्येक दुकानात शिरून विक्रेत्याला ते असा जिन्नस कुठे मिळेल म्हणून विचारीत, की ज्याचे उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असेच यावे. मग ऐकू आले नाही असे दाखवून तेच उत्तर पुन्हा वदवून घेत. या दोन शब्दांतील 'र' उच्चारला जातो की गिळला जातो, एवढेच टिपायचे. अशी २६४ माणसे झाली. निदान काही वेळा 'र' उच्चारणाऱ्यांचे प्रमाण सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के आणि क्लाइनमध्ये २० टक्के निघाले.

ध्यानात घ्या, ही सगळी माणसे दुकानांतले नोकरच होती. दुकानदारीतला विक्रेता आपल्या गिऱ्हाइकाची प्रतिष्ठा उसनी घेतो, हे समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांचे निरीक्षण लॅबोव्ह यांनी येथे उपयोगात आणले. दुसऱ्यांदा, सावध होऊन उत्तर देताना मेसीजच्या विक्रेत्यांचा 'र' एकदम वाढला. म्हणजे ज्याला वर चढण्याची आशा आणि खाली घसरण्याची भीती दोन्ही आहेत, त्याची जीभ सर्वांत जास्त दक्ष असते. ज्याला व्याकरणकार 'मुक्त विकल्प' म्हणून कडेला टाकत होते, त्या एका व्यंजनात अख्ख्या शहराचा उतरंडीचा नकाशा निघाला.

आपल्याकडे हा 'र' म्हणजे 'ण' होय. 'पाणी' म्हणणारा शहाणा आणि 'पानी' म्हणणारा अडाणी, हा निकाल आपण किती सहजपणे देतो! ध्वनी म्हणून 'न'मध्ये कसलेही उणे नाही. 'पानी' म्हणणाऱ्या हिंदी भाषकाला आपण कधी अशुद्ध म्हणत नाही. निकाल लागतो तो ध्वनीचा नव्हे, बोलणाऱ्याच्या जातीचा, गावाचा आणि बापाच्या धंद्याचा. जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांचा समाचार 'निबंधमाले'त घेताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली, हा इतिहास आपण जाणतो. 'गुलामगिरी'तील प्रश्नांना उत्तर देणे अवघड होते. व्याकरण तपासणे सोपे. प्रमाणभाषेच्या नावाने चाललेल्या अनेक वादांची ती गंगोत्री आहे. प्रमाणभाषा नसावी असे माझे म्हणणे नाही. सातबाराचा उतारा आणि कामगार कायदा सर्वांना कळेल अशा एका भाषेत असावाच लागतो. प्रमाणभाषा ही सार्वजनिक रस्त्यासारखी सोय आहे, आणि रस्त्यावर ज्याची गाडी मोठी त्याने पादचाऱ्याला माणसातून उठवायचे नसते.

लॅबोव्ह यांचे दुसरे काम याहून मोलाचे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला होता की दरिद्री वस्त्यांतील कृष्णवर्णीय मुलांना धड भाषाच नसते. ती तुटक बोलतात, म्हणून त्यांना विचारही धड करता येत नाही. पुराव्यादाखल मुलाखती होत्या. मोठा माणूस विचारतो, मूल एका शब्दात उत्तर देते किंवा गप्प बसते. लॅबोव्ह यांनी १९६९ साली या पुराव्याचीच तपासणी केली. आठ वर्षांचा एक मुलगा, ज्याला त्यांनी लिऑन म्हटले आहे, त्याच्याच समाजातल्या एका मुलाखतकारापुढेही तसाच मुका बसला. मग पुढच्या खेपेला मुलाखतकाराने चार गोष्टी बदलल्या. बटाट्याच्या कापांचे पुडे आणले, लिऑनच्या जिवलग मित्राला सोबत बसवले, स्वतः जमिनीवर बसून त्याच्या उंचीवर आला आणि मोठ्यांसमोर उच्चारू नयेत असे शब्द व विषय स्वतःच काढले. मुकेपणा संपला. दोघे मित्र एकमेकांना बोलू देईनात.

मुलात काहीही बदल झाला नव्हता. तीच वाणी, तोच मेंदू. बदलली होती ती दोन माणसांमधली सत्ता. पहिल्या मुलाखतीत मुलाला ठाऊक होते की आपण जे बोलू ते आपल्याविरुद्ध वापरले जाईल, आणि अशा वेळी गप्प राहणे हे भाषेचे अज्ञान नसून उत्तम ज्ञान आहे. डेल हाइम्स यांनी याच सुमारास 'संज्ञापनक्षमता' ही कल्पना मांडली: व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणे पुरेसे नाही, कोणाशी, कुठे, केव्हा काय बोलावे आणि केव्हा बोलू नये, हेही भाषेचेच ज्ञान आहे. मेळघाटातील कोरकू मुलांविषयी 'ही मुले वर्गात बोलतच नाहीत' अशी तक्रार मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलेली आहे. तक्रार प्रामाणिक होती. तीच मुले मधल्या सुट्टीत आवारात काय कल्लोळ करीत होती, तो आम्हा दोघांनाही ऐकू येत होता. पण तो कल्लोळ कोरकूत असल्यामुळे 'बोलणे' या सदरात जमा होत नव्हता.

असल्या संशोधनाचे पुढे काय होते, ते विचारणाऱ्यांसाठी एक निकाल सांगतो. मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे काही कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी शाळा-मंडळावर खटला भरला. त्यांची मुले वाचनात मागे पडत होती आणि त्यांच्यावर मंदपणाचे शिक्के बसत होते. लॅबोव्ह यांच्यासह भाषाशास्त्रज्ञांनी साक्षी दिल्या. जुलै १९७९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की मुलांच्या घरच्या भाषेची दखल न घेणे हा शिक्षणातला अडथळा आहे आणि शिक्षकांना ती ओळखण्याचे शिक्षण देण्याची योजना मंडळाने आखावी. भाषा शिकवण्यापूर्वी शिक्षकाने शिकावे, असा हा हुकूम. आपल्याकडे असा खटला कोणी दाखल केला तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी.

जॉन गम्पर्झ यांच्या लेखनातली एक घटना मला विशेष प्रिय आहे, कारण ती कामगारांची आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया वाढपाच्या कामावर नव्याने लागल्या होत्या. पर्यवेक्षक आणि जेवणारे हमाल दोघांचीही तक्रार अशी की या बायका उर्मट आहेत. गम्पर्झ यांनी संवाद ध्वनिमुद्रित केले. संवाद म्हणजे तरी काय? मांसाबरोबर रस्सा हवा का, हे विचारण्यासाठी एक शब्द: 'ग्रेव्ही'. इंग्रज वाढपीण तो चढ्या सुरात उच्चारी, की तो प्रश्न होई. आपल्या बायका तो उतरत्या सुरात उच्चारीत, कारण त्यांच्या भाषांच्या वळणाने तशा प्रसंगी तोच सभ्य सूर होता. इंग्रज कानाला मात्र तो 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असा लागे. ध्वनिफीत दोन्ही बाजूंना ऐकवल्यावर उलगडा झाला. त्या स्त्रियांना आपल्याविषयी नाराजी आहे हे जाणवत होते, कारण उमगत नव्हते. आपला वर्ण हेच कारण असावे असा त्यांचा समज झाला होता. तो अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. सूर समजून घेण्याची जबाबदारी दोघांवर होती, पण न समजल्याची किंमत एकाच बाजूला मोजावी लागत होती.

येथे मला माझ्या शास्त्राकडे वळू द्या. ग्रामीण पाहणीत आम्ही बायकांना विचारीत असू, 'तुम्ही काम करता का?' हातातला विळा बाजूला ठेवून बाई उत्तर देई, 'नाही, घरीच असते.' आमच्या कोष्टकात तिची नोंद 'अकर्मक' अशी होई. वाक्य व्याकरणशुद्ध, उत्तर प्रामाणिक, आकडा चुकीचा. 'काम' या शब्दाचा अर्थ कोशात शोधून हा घोटाळा सुटत नाही. पगारी माणसाने दारात उभे राहून विचारलेले 'काम' म्हणजे मजुरीचे, नोकरीचे, असे त्या बाईने बरोबर ओळखले होते. स्त्रियांच्या श्रमाची मोजणी जगभर कमी पडते, यामागे हा भाषेचा प्रश्न आहे, हे आम्हा अर्थशास्त्रज्ञांना उशिरा कळले.

या साप्ताहिकाच्या वाचकांना एक जुना वाद आठवत असेल. १९२९ साली लेनिनग्राडमध्ये वोलोशिनोव यांचे मार्क्सवाद आणि भाषेचे तत्त्वज्ञान या विषयावरील पुस्तक निघाले. सोस्यूर यांची व्यवस्था ही मृत भाषेकडे पाहण्याची दृष्टी आहे. जिवंत शब्द नेहमी कोणीतरी कोणाला तरी उद्देशून बोललेला असतो आणि एकाच शब्दात निरनिराळ्या वर्गांचे सूर झगडत असतात, असा त्यांचा मुद्दा. हे पुस्तक पुढे दडपल्यासारखे झाले. १९५० साली स्तालिन यांनी 'प्रावदा'तून जाहीर केले की भाषा ही वरचा इमला नव्हे, ती सर्व वर्गांची सारखीच सेवा करते. त्याआधी मार यांच्या शिष्यांनी जो वर्गभाषेचा अतिरेक चालवला होता, त्याला याने आळा बसला, हे चांगले झाले. पण भाषा सर्वांची सारखीच सेवा करते, हे वाक्य त्या विमानतळावरच्या वाढपिणीला ऐकवून पाहावे.

पुढे पिएर बूर्द्यू यांनी १९७० च्या दशकात 'भाषिक बाजार' आणि 'भाषिक भांडवल' या कल्पना मांडल्या. आमच्याच शास्त्राचे शब्द उसने घेतलेले पाहून मला आनंद झाला, पण हिशेब तपासण्याची खोड जात नाही. भांडवल एकाने वापरले तर दुसऱ्याला उरत नाही. भाषेचे तसे नाही. ती जितके अधिक लोक वापरतील तितकी प्रत्येकाला अधिक उपयोगी पडते. निसर्गतः तिला टंचाई ठाऊक नाही. मग इंग्रजीला किंवा प्रमाण मराठीला बाजारात भाव येतो कसा? टंचाई निर्माण केली जाते म्हणून. शाळेच्या शुल्काने, प्रवेशपरीक्षेने, मुलाखतीच्या खोलीत उंचावलेल्या एका भुवईने ती निर्माण होते. साठेबाजीचाच हा एक प्रकार आहे आणि त्यावर उपाय शुद्धलेखनाच्या वर्गात सापडणार नाही.

आजकाल 'मानवकेंद्री दृष्टी' हा शब्द भाषाविज्ञानात बराच सैल झाला आहे. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली आपली रूपके आपल्या देहाच्या अनुभवातून कशी उगवतात हे दाखवले: 'भाव चढले', 'मन खचले', 'तो वर आला', या आपल्या बोलण्यातही ते पटते. काम सुरेख आहे. पण तिथला माणूस म्हणजे पुन्हा कोणीही माणूस, दोन पायांवर उभा असलेला एक देह. आदर्श वक्त्याच्या जागी आदर्श देह बसवला, तर आपण फार दूर आलेलो नाही. माणूस मध्यभागी आणायचा तर शेजाऱ्यासह आणावा लागतो, आणि शेजारी आला की बांध आला, पाणवठा आला, वेशीच्या आतले आणि बाहेरचे आले.

याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच मुलखातला आहे. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील, 'कुपवार' या नावाने नोंदलेल्या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. जैन आणि लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी, थोड्या तेलुगू भाषकांच्या घरी तेलुगू. कित्येक पिढ्या हे लोक दिवसभर एकमेकांशी व्यवहार करीत आले. परिणाम असा की शब्द निराळे राहिले आणि वाक्यांची घडण इतकी जवळ आली की भाजीचा पाला कापून आणल्याचे साधे वाक्य तिन्ही भाषांत शब्दाला शब्द ठेवून फिरवता यावे. कुटुंबांच्या दृष्टीने वेगळ्या असलेल्या या भाषा व्याकरणाने एकमेकींच्या कुशीत शिरल्या होत्या.

मग त्या एक का झाल्या नाहीत? कारण शेतात आणि बाजारात एकत्र येणारी ही माणसे उंबरठ्याच्या आत एकत्र येत नव्हती. रोटी नाही, बेटी नाही. व्याकरण एक झाले ते श्रमामुळे, शब्द वेगळे राहिले ते जातीमुळे. गटागटांतील व्यवहाराला मराठी वापरली जाई, कारण जमीन असलेल्या दोन्ही गटांपैकी कोणाच्याच घरची ती नव्हती. केवळ ध्वनी आणि प्रत्यय मोजणाऱ्याला हे दृश्य दिसले असते, त्याचे कारण दिसले नसते. या संशोधनालाही अखेरचा शब्द मानू नये. सुमारे चाळीस वर्षांनंतर डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात पुन्हा जाऊन मूळ मांडणीची चिकित्सा केली आहे. दरम्यान शाळा आल्या होत्या, कामधंदे बदलले होते. बोलणारी माणसे बदलली की त्यांच्या भाषेविषयीचा निष्कर्षही पुन्हा तपासावा लागतो.

आता सरकारी मोजणीकडे पाहा. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषांची नावे छापली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे देणे बंद झाले. २०११ साली लोकांनी आपल्या मातृभाषेची १९,५६९ नावे सांगितली. छाननीनंतर ती १,३६९ झाली, १,४७४ नावे 'अवर्गीकृत' म्हणून 'इतर'मध्ये गेली, आणि शेवटी दहा हजारांच्या चाळणीतून १२१ भाषा उरल्या. एवढ्या नावांना काही वर्गवारी लागतेच, हे मी समजतो. परंतु 'इतर' हे नाव कोणत्याही आईने आपल्या भाषेला ठेवलेले नाही. कोणती नावे कोणत्या भाषेखाली गेली, याचे तपशील आणि कारणे जिल्हावार प्रसिद्ध करण्यास फारसा खर्च येणार नाही. ती मागणी आपण करू शकतो.

मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी भाषा नोंदवण्यासाठी जनगणनेच्या अर्जात दोन जागा असतात. गम्पर्झ यांनी वर्णिलेल्या त्या गावातला तेलुगू बोलणारा माणूस मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषांत सौदा करू शकत होता. गणक दारात आला की त्याला त्यांपैकी एक गाळावी लागणार. २०२७ च्या जनगणनेचा अर्ज हाती येईल तेव्हा त्यात तिसरी जागा आहे का, ते पाहायचे आहे.